बंगल्यात स्विमिंग पूल बांधताय? खोदाईआधी परवानगीचे टप्पे क्रमाने पूर्ण करा

"उघडा पूल एफएसआयमध्ये धरत नाहीत, त्याला परवानगी लागत नाही." पूल बांधायचं ठरलं की कंत्राटदार, शेजारी, कधी कधी आर्किटेक्टच्या ऑफिसातला मुलगासुद्धा हे सांगतो. (एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल त्याची मर्यादा.) यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे आणि दुसरा चूक. राष्ट्रीय इमारत संहितेत आच्छादित क्षेत्राची जी व्याख्या आहे, तिच्यातून वर छप्पर नसलेला पूल वगळला आहे. विहीर, कारंजं आणि झाडाभोवतीचा पारही त्याच यादीत आहेत. म्हणजे तुमच्या प्लॉटचं बांधकामाचं क्षेत्र पुलात खर्ची पडत नाही. एवढाच त्याचा अर्थ.

परवानगी कधी लागते हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ठरवतो. त्याच्या कलम २(७) मधल्या 'विकास' या शब्दात जमिनीवर, जमिनीच्या आत किंवा जमिनीखाली केलेलं बांधकाम आणि अभियांत्रिकी काम येतं. सहा फूट खोदून, सळई बांधून काँक्रीटची टाकी ओतणं हे त्यातच मोडतं. कलम ४३ प्रमाणे असा विकास नियोजन प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करता येत नाही. जिथे फक्त प्रादेशिक योजना लागू आहे, तिथे कलम १८ तेच सांगतं.

हा लेख प्रामुख्याने महाराष्ट्रातल्या स्वतःच्या बंगल्याच्या किंवा फार्महाउसच्या आवारातल्या खासगी पुलासाठी आहे. सोसायटीचा सामाईक पूल, हॉटेल आणि रिसॉर्ट यांची वाट वेगळी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेकांची चूक कागदात नसते, क्रमात असते: आधी पूल कंपनीला ॲडव्हान्स, मग पोकलेन, आणि तलाठ्याने गाडी अडवली की वास्तुविशारदाची शोधाशोध.

## टप्पा १ : तुमची जागा नेमकी कोणाच्या हद्दीत येते?

पत्त्यावरून हे कळत नाही. पिन कोड आणि जवळचं शहर यांवर तर मुळीच विसंबू नका. लोणावळ्याचा बंगला म्हणून विकलेली जागा लोणावळा नगरपरिषदेत असेल, किंवा मावळातल्या एखाद्या गावात म्हणजे पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) असेल. दोन्हीकडे अर्ज वेगळा आणि नियमावलीही वेगळी.

ढोबळ चित्र असं आहे. बहुतांश महाराष्ट्राला २०२० च्या डिसेंबरपासून एकच नियमावली लागू आहे: एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. बृहन्मुंबई तिच्यात नाही. तिथे डीसीपीआर २०३४ ही मुंबईची वेगळी नियमावली चालते, आणि महापालिका आधी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४६ खाली आयओडी (अटी घालून दिलेली प्राथमिक मंजुरी) देते, मग बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. एमआयडीसीचं क्षेत्र, सिडकोचं नैना (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं अधिसूचित क्षेत्र), गिरिस्थान नगरपरिषदा, केंद्राने अधिसूचित केलेली पर्यावरण संवेदनशील क्षेत्रं आणि लोणावळा नगरपरिषद हीसुद्धा यूडीसीपीआरच्या बाहेर ठेवलेली आहेत.

आता कोणाकडे जायचं ते पाहा. महापालिका किंवा नगरपरिषदेची हद्द असेल तर त्यांचा बांधकाम परवानगी विभाग. पीएमआरडीए, एमएमआरडीए, सिडको यांचं क्षेत्र असेल तर ती प्राधिकरणं. नुसती प्रादेशिक योजना असेल तर जिल्हाधिकारी, आणि तिथे नकाशाची छाननी नगररचना विभागाची शाखा करते.

सावध : "सरपंचांशी बोलणं झालंय" किंवा "ग्रामपंचायतीचा ठराव आहे" यावर काम सुरू करू नका. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मागितला गेला तर तो जोडावा लागतो, पण गावठाणाबाहेरच्या जमिनीवर तो बांधकाम परवानगीची जागा घेत नाही. कारवाई होते तेव्हा हा कागद उपयोगी पडत नाही.

गोव्यातल्या वाचकांसाठी थोडक्यात: तिथे गोवा भूविकास व इमारत बांधकाम विनियम, २०१० लागू आहेत. आधी नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, मग पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, असा क्रम आहे. जमिनीची रूपांतर सनद त्याच्याही आधी हवी.

## टप्पा २ : जमिनीचे आणि बंगल्याचे कागद

आर्किटेक्टकडे जाण्याआधी ही फाईल स्वतः तयार करा. ती नसेल तर तोही पहिले काही आठवडे हेच गोळा करत बसेल.

- ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक. त्यावर सगळे सहहिस्सेदार असतील तर सगळ्यांच्या सह्यांची तयारी ठेवा.
- अकृषिक आदेश किंवा सनद. नुसता असून चालत नाही, त्यातल्या अटी वाचा. वापर 'रहिवास' असाच आहे ना?
- झोन दाखला (योजनेत जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा.
- मंजूर अभिन्यास, म्हणजे प्लॉट कोणत्या लेआउटमधला आहे ते.
- बंगल्याचा मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र.
- भूमी अभिलेख कार्यालयाची हद्द कायम मोजणी.
- मालमत्ता कराची चालू पावती. सोसायटी असेल तर तिचा ना हरकत दाखला.

मोजणीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण पैसे वाचवण्यासाठी लोक हीच वगळतात. बंगल्याचं कुंपण म्हणजे हद्द नव्हे. कुंपण दोन फूट बाहेर निघालं तर पूल शेजाऱ्याच्या किंवा लेआउटच्या रस्त्याच्या जागेत जातो. मग तो फोडून बुजवावाच लागतो. बंगला बांधताना झालेली मोजणी असेल तर खुणा जागेवर आहेत का ते पाहा. नसतील तर नवीन मोजणीचा अर्ज सगळ्यात आधी टाका, कारण तारीख मिळायला वेळ लागतो.

दुसरी अडचण भोगवटा प्रमाणपत्राची. ते असेल तर पुलाचा अर्ज 'वाढीव काम' म्हणून जातो. बंगल्याचं काम अजून चालू असेल तर सुधारित नकाशा मंजूर करून घ्यायचा. प्रमाणपत्र कधी घेतलंच नसेल, किंवा नंतर गॅलरी बंद केली, मागे एक खोली काढली असं काही असेल, तर पुलाच्या अर्जाबरोबर ते सगळं समोर येणार. ते झाकून नकाशा दाखल करू नका. आधी नियमित होण्याजोगं काय आहे ते तपासा, त्याचं शुल्क भरा, आणि मग पुलाचा विषय काढा. उशीर होईल, पण हाच मार्ग टिकतो.

### शेतजमीन असेल तर

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतघराचा अर्थ बांधलेला आहे: अवजारं, खत, चारा आणि पीक साठवणं, गुरं बांधणं, कुटुंबाचं, गड्यांचं किंवा कुळाचं राहणं, आणि शेतीचा अविभाज्य भाग असलेलं इतर काम. त्यात पूल बसत नाही. शेतघरासाठीही किमान ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन हवी. दहा गुंठ्यांचा तुकडा 'फार्महाउस प्लॉट' म्हणून घेतला असेल तर तिथे पुलाचा प्रश्न पुढचा आहे. घराचीच परवानगी मिळते का, ते आधी पाहावं लागेल.

मग सल्ला मिळतो, "शेततळं दाखवा." नगररचना अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये शेतीच्या नेहमीच्या कामासाठी केलेल्या खोदाईला, विहिरींसह, खरोखरच सूट आहे. पण सूट शेतीच्या कामाला आहे. टाइल्स, फिल्टर, पाण्याखालचे दिवे आणि स्टीलची शिडी असलेल्या टाकीला कोणताही अधिकारी शेततळं म्हणणार नाही. शिवाय शेततळ्यासाठी सरकारी अनुदान घेतलं असेल तर बेकायदा बांधकामासोबत अनुदानाचा गैरवापरही अंगाशी येतो. ही वाट धरू नका. पूल हवाच असेल तर ज्या भागाचा रहिवासी अकृषिक वापर झोनप्रमाणे मिळू शकतो तेवढ्याच भागाचा तो करून घ्या आणि पूल घरासोबत एकाच नकाशात दाखवा.

तपासा : सातबारावर 'भूधारणा पद्धती' आणि 'इतर हक्क' या रकान्यांत काय लिहिलंय? भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर करता न येणारी जमीन), कुळकायद्याची अट, वन किंवा पुनर्वसनाची नोंद यांपैकी काही दिसलं तर पुढचा एकही रुपया खर्च करण्याआधी तहसील कार्यालयात जाऊन त्याचा खुलासा करून घ्या.

## टप्पा ३ : जागेवर कोणती बंधनं आहेत?

इथे प्रत्येकाला सगळे मुद्दे लागू होणार नाहीत. आपला जिल्हा पाहून वाचा.

किनारा. अलिबाग, मुरूड, दापोली, गुहागर, मालवण आणि सबंध कोकणपट्टीत २०१९ ची सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना लागते. ग्रामीण भागात, म्हणजे सीआरझेड-३ मध्ये, दाट वस्तीच्या 'अ' गटात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि बाकी 'ब' गटात २०० मीटर हा ना-विकास पट्टा आहे. दाट वस्ती म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक. खाडीकाठचे बंगलेही यात येऊ शकतात, हे लोक विसरतात. भरतीरेषा पावलं मोजून ठरवता येत नाही. मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर गट क्रमांक दाखवून घ्यावा लागतो.

डोंगर. यूडीसीपीआरमध्ये १:५ पेक्षा जास्त उताराच्या जमिनीवर विकासाला मनाई आहे. कठडा नसलेला, दरीकडे तोंड केलेला पूल सगळ्यांना हवा असतो, आणि तो नेमका याच उतारावर काढलेला असतो. माथेरान (२००३) आणि महाबळेश्वर-पाचगणी (२००१) ही तर अधिसूचित पर्यावरण संवेदनशील क्षेत्रं आहेत. तिथे स्थानिक परवानगीच्या वर आणखी एक चाळणी असते.

नदी आणि धरण. पूररेषेचा नकाशा जलसंपदा विभागाकडून घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पूल काढायचा विचारही नको.

किल्ले आणि लेणी. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी.

झाडं. शहरी भागात झाड तोडायला किंवा हलवायला १९७५ च्या वृक्ष अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आंब्याच्या बुंध्याजवळ पूल असेल तर मुळं तुटतील. नकाशातच जागा बदला, ते सोपं पडतं.

विजेच्या तारा. प्लॉटवरून लाइन जात असेल तर तिच्याखाली पूल काढू नका. पूल साफ करायचा ॲल्युमिनियमचा दांडा लांबलचक असतो. इमारतीसाठीची किमान अंतरं पाळली तरी हा दांडा तारेला पोचू शकतो.

## टप्पा ४ : माणसं नेमणे आणि जागा ठरवणे

पूल कंपनीचं डिझाइन म्हणजे परवानगीचा नकाशा नव्हे. कंपनी फिल्टर, पाइप आणि टाइल्स काढून देते. महापालिकेत नकाशा दाखल करण्यासाठी नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता हवा, आणि सळईच्या डिझाइनसाठी संरचना अभियंता. दोघांच्या सह्या कागदावर लागतात आणि काम बिघडलं तर जबाबदारीही त्यांच्यावर येते. म्हणून पूल कंपनीशी करार करताना एक वाक्य घालून घ्या: परवानगी मिळेपर्यंत काम सुरू होणार नाही आणि परवानगी नाकारली गेल्यास ॲडव्हान्स परत मिळेल.

जागा ठरवताना पहिला प्रश्न सामासिक अंतरांचा, म्हणजे घर आणि प्लॉटची हद्द यांच्यामधल्या मोकळ्या जागेचा. बहुतेकांना पूल तिथेच बसवायचा असतो. पूल एफएसआयबाहेर आहे म्हणून तो सामासिक जागेत हद्दीला खेटून चालतो, हा निष्कर्ष स्वतः काढू नका. तुमच्या प्राधिकरणाने कोणत्या अंतरापर्यंत मान्य केलंय ते प्राथमिक चर्चेत विचारा आणि नकाशावर मापासकट दाखवा. माझा आग्रह असा की नियम काहीही म्हणो, पुलाची कड हद्दीपासून निदान खोदाईच्या खोलीएवढी आत ठेवा. दोन मीटर खोदणार असाल तर दोन मीटर. शेजाऱ्याच्या कुंपणाखालची माती सुटली तर भिंत तुमच्या खड्ड्यात येईल, आणि शेजारच्या जमिनीचा आधार काढून घेतल्याबद्दल तो न्यायालयात जाऊ शकतो.

सेप्टिक टँक, शोषखड्डा, पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी आणि विहीर यांपासूनही पूल लांब ठेवा. जुन्या बंगल्यांत सेप्टिक टँक नक्की कुठे आहे हे मालकालाच ठाऊक नसतं. आधी शोधा.

मातीचा अहवाल घ्या. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यात साध्या डिझाइनची टाकी चिरते. कोकणात आणि नदीकाठी पावसाळ्यात भूजल जमिनीलगत येतं आणि रिकामी केलेली टाकी खालून येणाऱ्या दाबाने अक्षरशः वर उचलली जाते. संरचना अभियंत्याला पूल रिकामा असताना आणि भरलेला असताना अशा दोन्ही अवस्थांचं गणित करायला सांगा. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस ३३७० आणि जलरोधनासाठी आयएस ६४९४ ही मानकं आहेत. त्यांचा उल्लेख नकाशावरच्या टिपांमध्ये असायला हवा.

गच्चीवर पूल : गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो चल भार (माणसं आणि सामान यांचं वजन) धरून काढलेला असतो. १.२ मीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १,२०० किलो, म्हणजे आठपट, आणि त्यात टाकीचं वजन धरलेलंच नाही. झालेल्या बंगल्याच्या गच्चीवर पूल चढवायचा असेल तर पायापासून गणित करून संरचनात्मक स्थैर्याचं प्रमाणपत्र मिळालं तरच पुढे जा. बहुतेक जुन्या घरांत उत्तर 'नाही' असंच येतं. ते मान्य करा.

## टप्पा ५ : नकाशात काय काय दाखवायचं

अर्ज परत येण्याचं कारण बहुधा अपुरा नकाशा असतो. वास्तुविशारदाने दिलेला नकाशा दाखल होण्याआधी स्वतः घेऊन बसा आणि पाहा:

१. पुलाची लांबी, रुंदी, उथळ आणि खोल टोकाची खोली, आणि चारही हद्दींपासूनची अंतरं मापात लिहिलेली आहेत का?

२. पंपाची खोली, समतोल टाकी (पुलातून ओसंडणारं पाणी धरणारी), फिल्टर आणि कपडे बदलायची खोली दाखवली आहे का? पूल क्षेत्रात धरला नाही तरी कपडे बदलायची खोली हे बांधकामच आहे. तिचं क्षेत्र वेगळं मोजलं पाहिजे.

३. पुलावर पत्रा, पॉलिकार्बोनेट किंवा काचेचं छत आहे का? तसं असेल तर 'उघडा' ही सवलत संपली. आज नकाशात उघडा दाखवून पुढच्या वर्षी वर शेड टाकणारे बरेच असतात. तेव्हा सगळा हिशोब नव्याने होतो.

४. पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार? फिल्टर उलटा धुताना निघणारं क्लोरीनचं पाणी ड्रेनेजला किंवा शोषखड्ड्याला जोडलेलं दिसलं पाहिजे. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात किंवा शेजारच्या शेतात सोडलेलं पाणी ही हमखास तक्रार असते.

५. काटछेद आहे का? वरून काढलेल्या चौकोनावर कोणी मंजुरी देत नाही.

पाण्याचा आकडा आधीच काढून ठेवा. ८ × ४ मीटरचा आणि सरासरी १.२ मीटर खोलीचा पूल ३८,४०० लिटर पाणी घेतो. दहा हजारांचे चार टँकर. महापालिकेच्या घरगुती नळावर हे भरायचं गृहीत धरू नका. पाणीपुरवठा विभागाला लेखी विचारा. टंचाईच्या काळात पालिका पूल भरण्यावर निर्बंध घालतात, हेही लक्षात ठेवा.

## टप्पा ६ : अर्ज, शुल्क आणि ६० दिवसांचा गैरसमज

अर्ज नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली जातो. बहुतेक ठिकाणी तो ऑनलाइन प्रणालीतून वास्तुविशारदाच्या लॉगिनने दाखल होतो. छाननी शुल्क, लागू असल्यास विकास शुल्क आणि अनामत यांची मागणी प्रणालीतून किंवा पत्राने येते. रोख काही देऊ नका आणि प्रत्येक चलन जपून ठेवा. लॉगिन वास्तुविशारदाचं असलं तरी अर्जाचा क्रमांक आणि दाखल झालेल्या नकाशाची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. "फाईल टाकली आहे" या तोंडी शब्दावर महिनोन्‌महिने वाट पाहणारे लोक आहेत.

त्रुटी निघाली तर मुदतीत उत्तर द्या. उत्तर दिल्याची पोच हा पुढचा सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. कारण कलम ४५(५) प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून, किंवा मागितलेल्या शेवटच्या माहितीचं उत्तर मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं.

सावध : याच तरतुदीवर विसंबून ६१व्या दिवशी जेसीबी बोलावू नका. मानीव परवानगी नियमांत तंतोतंत बसणाऱ्या कामालाच मिळते. एखादं अंतर कमी असेल तर ती कधी मिळालीच नव्हती असं ठरतं. दिवस उलटले असतील तर प्राधिकरणाला पोच घेऊन पत्र द्या, वास्तुविशारदाकडून नकाशा नियमात असल्याचं लेखी घ्या, आणि तरीही माझं मत विचाराल तर हातात कागद येईपर्यंत थांबा.

अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा. कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येतं. पण कारण अंतर किंवा कागद एवढंच असेल तर अपिलापेक्षा दुरुस्त नकाशा लवकर मार्गी लागतो.

मंजुरी आली की तिच्या अटी वाचा. परवानगी एक वर्षासाठी असते आणि संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. पावसाळा मध्ये येणार असेल तर हे वर्ष पटकन संपतं.

## टप्पा ७ : खोदाईच्या आदल्या आठवड्यात

बांधकामाची परवानगी आहे म्हणून माती बाहेर नेता येते, असं नाही. माती आणि मुरूम हे गौण खनिज आहे आणि त्यांचा विषय महसूल खात्याचा आहे. खोदलेली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली तर प्रश्न वेगळा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात हाच फरक केला होता. पण डंपरमधून बाहेर नेणार असाल तर तहसीलदारांकडे अर्ज करून स्वामित्वधन (रॉयल्टी) भरा आणि वाहतूक परवाने घ्या. विनापरवाना नेली तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडीही जप्त होते.

किती माती निघेल? वरच्याच पुलासाठी भिंती आणि काम करायची जागा धरून ९.२ × ५.२ मीटर, सरासरी १.६५ मीटर खोल खड्डा लागतो. म्हणजे ७९ घनमीटर, जागेवरची सुमारे २८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). सुटी झाल्यावर ती फुगते. २५ टक्के फुगवटा धरला तर ३५ ब्रास डंपरमध्ये भरावी लागते. स्वामित्वधनाच्या अर्जात कोणता आकडा धरायचा ते तहसील कार्यालयात आधी विचारा, नाहीतर शेवटच्या काही फेऱ्या परवान्याविना होतात आणि नेमक्या त्याच पकडल्या जातात.

खोदाई पावसाळ्याच्या तोंडावर सुरू करू नका. खड्ड्याला पहिल्या दिवसापासून कठडा, रात्री दिवा, आणि खोल बाजूला उतार किंवा आधार द्या. शेजाऱ्याच्या भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवा. पुढे भेगांवरून वाद झाला तर ते तुमच्याही कामाला येतील.

## टप्पा ८ : काम चालू असताना

मंजुरीचा फलक आणि नकाशाची प्रत जागेवर ठेवा. रेखांकन, म्हणजे चुन्याने मारलेली आखणी, वास्तुविशारदाकडून तपासल्याशिवाय बकेट जमिनीला लागता कामा नये. परवानगीत जोते तपासणीची अट असेल तर ती तपासणी झाल्याशिवाय पुढचा काँक्रीटचा थर ओतू नका. नंतर आत काय आहे ते कोणी पाहू शकत नाही.

"जागा आहे तर अजून तीन फूट वाढवू" हे वाक्य याच टप्प्यावर ऐकू येतं. मंजूर मापापेक्षा वाढ म्हणजे परवानगीविरुद्ध काम. वाढवायचंच असेल तर काम थांबवून सुधारित नकाशा द्या.

वीज हा जिवाचा प्रश्न आहे, म्हणून इथे काटकसर नको. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच काम करून घ्या. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून दूर. पुलाच्या सगळ्या सर्किटना ३० मिलिअँपिअरचं गळती संरक्षण. शिडी, कठडा, सळई आणि पंपाची धातूची अंगं एकमेकांना जोडून अर्थिंग. पुलाच्या कडेपासून दोन मीटरच्या आत साधा सॉकेट नको. पंपामुळे मंजूर भार ओलांडत असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करा.

घरात लहान मूल असो वा नसो, चार फुटांचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक नकाशातच दाखवून बांधा. शेजारची मुलंही येतात.

## टप्पा ९ : पूर्णत्व आणि भोगवटा

पाणी भरलं, फोटो निघाले, आणि फाईल तशीच राहिली, असं खूप ठिकाणी होतं. काम संपलं की वास्तुविशारदाने पूर्णत्वाचा दाखला द्यायचा, संरचना अभियंत्याने स्थैर्याचं प्रमाणपत्र, विद्युत ठेकेदाराने चाचणी अहवाल. मग प्राधिकरणाची पाहणी आणि भोगवटा प्रमाणपत्र. पूल भरून २४ तासांत पातळी किती घटते ही गळती चाचणी पाहणीआधीच करून घ्या. त्यानंतर मालमत्ता करात नोंद होऊ द्या, टाळू नका.

नोटीस आधीच आली असेल तर : परवानगीशिवाय काम केल्याबद्दल नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे, आणि कलम ५३ खाली काम काढून टाकण्याची नोटीस येते. घाबरून रातोरात टाइल्स लावून काम पुरं करू नका. काम थांबवा, आणि नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत कलम ५३(३) प्रमाणे ते काम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करा. पूल नियमात बसणारा असेल तर मार्ग निघतो. सामासिक जागेत मान्य अंतर सोडून, पूररेषेत किंवा किनारपट्टीच्या ना-विकास पट्ट्यात असेल तर निघत नाही.

भाड्याने देणार असाल : लोणावळा, कर्जत, अलिबाग इथे शनिवार-रविवारी पुलासह बंगला देणारे पुष्कळ आहेत. रहिवासी वापराची परवानगी त्यासाठी नाही. पैसे घेऊन पाहुणे ठेवले की वापर बदलतो. पर्यटन विभागाची नोंदणी, व्यावसायिक दराने पाणी-वीज, स्थानिक संस्थेच्या आणि पोलिसांच्या अटी, आणि पुलावर जीवरक्षक हे सगळे विषय तिथे सुरू होतात. असा विचार असेल तर तो अर्ज करण्यापूर्वी वास्तुविशारदाला सांगा, कारण झोनमध्ये तो वापर बसतो की नाही हे टप्पा २ मध्येच तपासावं लागतं.